चढ्या बिलाचा टीव्ही

दुबईहून परत येऊन आता महिना होत आला. दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, "मग, कशी काय दुबई?" आणि उत्तराची वाट न बघता युरियाच्या पोत्याकडे वळतो. मी "बरी" म्हणतो आणि टाच चोळत बसतो. खरं उत्तर फार लांब आहे, गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहून काढतोय. ज्यांना तिथले उंच मनोरे आणि नाचणारी कारंजी वाचायची असतील, त्यांची मात्र निराशा होईल. मनोरे मी बसच्या खिडकीतून पाहिले, तेही मान अवघडलेली असताना. कारंजी सुरू झाली तेव्हा मी बाकावर डुलकी काढत होतो.

राजुरी

राजुरीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, औषधं, खतं आणि ठिबकच्या नळ्या. एका कंपनीचा माल ठरलेल्यापेक्षा जास्त खपला की कंपनी विक्रेत्यांना परदेशी सहलीला नेते. यंदा माझा नंबर लागला. चार दिवस, दोन माणसं, सगळा खर्च कंपनीचा. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फुकट मिळालं आणि ते नेमकं माझी टाच धरलेली असताना. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर कमी चाला.

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मी नाय येत. गाया कोण बघंल? आन् तुमच्यासंगं आळेफाट्याला जायचं म्हणलं तरी मला कटाळा येतो. दाजींना घिऊन जावा."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. आंबेगाव तालुक्यात पेठला राहतात. वय बासष्ट, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. पुण्याच्या पुढे ते कधी कामाशिवाय गेलेले नाहीत. ते नाही म्हणतील या खात्रीवरच मी फोन केला.

"येतो," दाजी म्हणाले. "टीव्ही आणायचा हाय."

हा टीव्ही कशासाठी, ते मला लगेच कळलं आणि तिथूनच माझी दमणूक सुरू झाली. आधी तेच सांगतो.

दाजींची एकुलती एक मुलगी अर्चना, माझी भाची, खोडदला दिली आहे. आमच्याकडे कार्यात आहेर पुकारायची पद्धत आहे. एक माणूस माइक घेऊन उभा राहतो आणि कुणी काय दिलं ते गावाला ऐकवतो. वस्तू असेल तर तिच्यासोबत बिलही ठेवतात. म्हणायचं वॉरंटीसाठी, पण सगळे बघतात तो आकडा. दोन वर्षांपूर्वी अर्चनाच्या मुलाचं बारसं मे महिन्यात झालं. उन्हाळ्यात बाळाचा जीव कासावीस होईल म्हणून दाजींनी मंचरच्या ओळखीच्या दुकानातून टेबल फॅन घेतला. ओळखीचा दुकानदार, म्हणून बिल मागितलं नाही. व्याह्यांच्या धाकट्या भावाने माइकवर पुकारा केला, "पेठकर पावण्यांकडून टेबल फॅन एक. बिल..." आणि खोक्यात हात घालून चाचपून म्हणाला, "बिल नाय."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मांडव हसला. पुढच्या खुर्चीवर बसलेले व्याही, सोपानराव, तेही हसले.

तेव्हापासून दाजी खोडदला जातात, नातवाला मांडीवर घेतात, उभ्याने पाणी पितात आणि परत येतात. जेवत नाहीत. अर्चना दर वेळी ताट वाढते. तासभर ते ताट झाकून ठेवते आणि दाजी गेल्यावर स्वतः तेच जेवते. हे तिने मला एकदा फोनवर सांगितलं. आता तिच्या सासरच्यांनी नवीन घर बांधलं होतं आणि आमच्या सहलीनंतर पंधरा दिवसांनी वास्तुशांत होती. दाजींना त्या मांडवात असा आहेर ठेवायचा होता की बिल वाचताना माइक धरणाऱ्याची जीभ अडखळावी. त्याशिवाय त्या घरात घास घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

वाळू

प्रवासाचं काय सांगू? विमानात बसलो, कान दुखले, उतरलो. दाजींनी खिडकीशी जागा मिळूनही पूर्ण वेळ समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत काढला. मी विचारलं तर म्हणाले, "खाली बघितलं की पाय ओढल्यावानी व्हतात."

दुबईत पहिल्या दिवशी आम्हाला वाळवंटात नेलं. जीपगाड्या वाळूच्या टेकड्यांवरून वर चढवतात आणि खाली सोडतात, त्याला मजा म्हणतात. आमच्याकडे असा रस्ता असला की लोक ग्रामपंचायतीवर मोर्चा नेतात. तिसऱ्या टेकडीला दाजींनी गाडी थांबवायला लावली आणि वाळूत बसून सकाळचं सगळं बाहेर काढलं. तोंड पुसून त्यांनी चहूकडे नजर फिरवली.

"एवढी जमीन, आन् सगळी पडीक," ते म्हणाले. खऱ्या दुःखानं म्हणाले.

हॉटेलात जेवणाचे पन्नास प्रकार मांडलेले, आणि पन्नासांना मिळून एक चव. पन्नास चमचे, पन्नास झाकणं. मी वरणासारखं काहीतरी घेतलं, ते गोड निघालं. मग दाजींनी पिशवीतून आक्कानं दिलेली ठेच्याची बाटली काढली. झाकण उघडल्याबरोबर वास गेला आणि सिन्नरपासून बारामतीपर्यंतचे विक्रेते आपापली ताटं घेऊन आमच्या टेबलाशी आले. चार दिवसांसाठी आणलेली बाटली पहिल्याच जेवणात संपली. दाजींना त्याचा आनंदच झाला. सबंध सहलीत ते मोकळे हसले असतील तर तेव्हाच.

सहलीची व्यवस्था बघायला एक बाई होत्या, मूळच्या वसईच्या. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाण्याआधी त्यांनी बसमध्ये सूचना दिली, "मोबाइल घ्या, परफ्युम घ्या, पण टीव्ही घेऊ नका. टीव्हीला अजिबात सूट नाही. पहिल्या रुपयापासून कर बसतो आणि बिल बघून बसतो. घेतलाच तर विमानतळावर स्वतःहून सांगा. लपवलंत तर दंड."

मी हे ऐकलं. नीट ऐकलं, हे कबूल करतो. ऐकताना मी बूट काढून टाच दाबत होतो आणि दुपारच्या बसला अजून किती वेळ आहे ते बघत होतो.

देरा बाजार

देरा भागातला बाजार आपल्या ओळखीचा वाटतो. अरुंद गल्ल्या, दोन्हीकडे दुकानं, दुकानाबाहेर उभे राहून हाका मारणारी माणसं. फरक एवढाच की तिथे कुणी थुंकत नाही. दाजी वाटेत एका भाजीवाल्यापाशी थांबले. कांदा उचलला, पापुद्रा चोळला, वास घेतला. "आपल्याकडचाच हाय," म्हणाले आणि जागच्या जागी ठेवून दिला. पुढे पाच मिनिटं ते जरा ताठ चालत होते.

सहा दुकानं झाली. प्रत्येक दुकानात दाजी टीव्हीसमोर उभे राहत, हात मागे बांधून बघत आणि एक शब्द न बोलता बाहेर पडत. बैल घेताना ते असंच करतात. सातव्या दुकानात माझ्या टाचेने दगा दिला. मी एका रिकाम्या खोक्यावर बसलो आणि म्हणालो, "दाजी, आता इथंच काय ते करा. मी इथून उठत नाही."

दुकानदार केरळचा, गोरटेला, हसतमुख. त्रेचाळीस इंची सेट बाराशे दिरहमला ठरला. आपल्या पैशात हिशेब केला तर नारायणगावपेक्षा थोडासा स्वस्त. एवढ्यासाठी समुद्र ओलांडला, असं मी मनात म्हणालो. दुकानदारानं खोकं फोमच्या पट्ट्यांनी बांधलं. विमानात चालणारं माप त्याला पाठ होतं. मग पेन काढून सवयीनं विचारलं, "बिल कितने का बनाऊँ?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हनतोय?"

"बिल कितीचं करू, विचारतोय. लोक कमी लिहून घेतात. कर वाचावा म्हणून."

दाजींचे डोळे चमकले. ते काउंटरवर वाकले आणि जन्मभर टीव्हीवर ऐकलेली सगळी हिंदी पणाला लावून म्हणाले, "कम नही. ज्यादा लिखो."

"ज्यादा?" दुकानदाराचं पेन थांबलं. "अंकल, इंडियावाले तो कम बोलते हैं."

"हमारे में कम नही चलता. बावीसशे लिखो."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी रोज बिलं लिहिणारा माणूस. कागदावरचा आकडा कुठे कुठे जातो, तो कोण कोण वाचतो, हे मला कळायला हवं होतं. बाईंची सूचना डोक्यात होती. दोन वाक्यं बोललो असतो तर भागलं असतं. पण दाजी वाद घालणार, मग परत दुकानं फिरणार, एकची बस चुकणार, आणि मला फक्त पाय वर करून पडायचं होतं.

"लिख दो भाई," मी म्हणालो. "वो बोलते हैं वैसा लिख दो."

पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या या वाक्यातून झाली. दाजींनी ते बिल घडी न घालता प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं.

संध्याकाळी सगळे सोनेबाजारात गेले. आक्काच्या कानातल्यांसाठी दाजींनी दोन वर्षं पैसे बाजूला टाकले होते. ते सदऱ्याच्या आतल्या खिशात होते, नोटांना रबर लावलेलं. दाजींनी काचेतून झगमगाट पाहिला आणि मान हलवली. "सोनं मंचरलाच घेऊ. आपला सोनार वळखीचा हाय. हितं कुणाला इचारायचं?" मला परत चालावं लागलं नाही म्हणून मी लगेच हो म्हणालो.

रेड चॅनल

मुंबईला सकाळी उतरलो. वसईच्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे, कर लागणारा माल दाखवायच्या लाल पाटीच्या रांगेत उभे राहिलो. बाकीचे विक्रेते हिरव्या पाटीखालून मोबाइल खिशात घालून निघून गेले. आम्ही आणि आमचं खोकं, दोघांनाही उभं राहायचा कंटाळा आलेला.

टेबलापाशी कस्टमच्या एक अधिकारी बाई होत्या. पन्नाशीच्या, ड्यूटी संपत आलेली, डोळ्यांखाली काळं. मराठी ऐकून त्यांना जरा बरं वाटलं असावं.

"टीव्ही? बिल आहे का?" त्यांनी विचारलं. नाही ऐकायची सवय असल्यासारखं.

"हाय!" दाजींनी पाकीट पुढे केलं. दोन्ही हातांनी.

बाईंनी बिल वाचलं, खोक्यावरचा मॉडेल नंबर वाचला, संगणकात काहीतरी बघितलं आणि चष्मा काढून दाजींकडे पाहिलं. "काका, हा सेट एवढ्याचा नाही. बराच स्वस्त आहे. तुम्हाला दुकानदारानं फसवलं का?"

मी पुढे झालो. "मॅडम, बिल जरा चढवून लिहिलंय. बाराशेला घेतला."

"चढवून?" त्या म्हणाल्या. "मला रोज लोक अर्ध्या किमतीची बिलं दाखवतात. चढवून लिहिलेलं मी पहिल्यांदा बघते. कशासाठी?"

"आहेरासाठी," मी म्हणालो. सांगताना माझं मलाच लाजल्यासारखं झालं.

त्यांनी हसू आवरलं, हे मला दिसलं. मग एक कोरा कागद दाजींपुढे सरकवला. "यावर लिहून द्या की बिलातली किंमत खरी नाही, आणि खाली सही करा. मी वरिष्ठांना दाखवून खऱ्या किमतीवर कर लावून घेते. बिलाप्रमाणे लावला तर जवळजवळ दुप्पट भरावा लागेल. विनाकारण भरू नका."

मला वाटलं, सुटलो. मी पेन दाजींच्या हातात दिलं. दाजींनी ते हातात धरलं. कागदाकडे बघत राहिले. मागे रांग वाढत होती. एक बाळ रडत होतं. माझी टाच ठणकत होती.

"सुभाष," ते हळू आवाजात म्हणाले, "सरकारी कागदावं मी लिहू का, की माझं बिल खोटं हाय? आन् मग तेच बिल खोडदला कंच्या तोंडानं ठिवू?"

"दाजी, कुणाला कळणारे? कागद इथं राहणार, बिल तिथं जाणार."

"मला कळंल की."

"अहो, पण बिल खोटंच आहे!"

"व्हतं," दाजी म्हणाले. "आता कर भरला की न्हाई ऱ्हानार."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. रबर काढलं. वीस हजारांच्या आतबाहेर रक्कम झाली, आक्काच्या कानातल्यांची बहुतेक सगळी. बाईंनी पुन्हा एकदा विचारलं, "काका, नक्की?" दाजींनी मान डोलावली. पावती आली, शिक्का बसला. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तरी समजवायचं." समजवायची वेळ देऱ्यात होती, खोक्यावर बसलो होतो तेव्हा.

माळशेजवरून

भाड्याच्या गाडीत टीव्हीला मागची सीट मिळाली आणि मला त्याच्याशेजारी अर्धी. वळणावर खोकं माझ्या खांद्यावर यायचं, मी ते ढकलायचो. दाजी पुढे बसले होते. मुरबाड गेलं, घाट सुरू झाला, तरी ते समोरच्या काचेतून रस्ताच बघत होते. मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. दाजींवर काढावा तर बिल माझ्या संमतीने लिहिलेलं, आणि स्वतःवर काढायलाही अंगात त्राण लागतं.

ओतूरच्या अलीकडे एका खाणावळीत थांबलो. मासवडी, तिखट रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. चार दिवसांनी जिभेला जाग आली. मी हावऱ्यासारखा खात होतो. दाजींनी भाकरी रश्श्यात कुस्करली आणि एकदम बोलायला लागले.

"हे बघ सुभाष. आपन बावीसशेचं बिल केलं, ते खोटं व्हतं, मान्य. पर सरकारनं ते बघितलं. सरकारनं त्याच्यावं कर घेतला, शिक्का मारला. म्हंजी सरकारनं म्हनलं, व्हय, हा बावीसशेचाच. मग आता ते खोटं कसं?"

मी घास गिळला आणि उत्तर शोधलं. मी पंचवीस वर्षं दुकान चालवतोय, बिलं, चलनं, कर सगळं भरतोय, पण या बोलण्यातली गफलत कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवता येईना. गफलत होती एवढं नक्की. "जेवा," मी म्हणालो.

राजुरी आळेफाट्यावरून पाच-सात किलोमीटर. मला सरळ घरी जाता आलं असतं, पण आक्काला एकट्याने तोंड दाखवायला दाजींना जड जाईल हे मला दिसत होतं. गाडी पुणे-नाशिक रस्त्याला, पुण्याच्या दिशेने वळवली. नारायणगाव, मंचर मागे टाकून पेठला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आक्का ओट्यावर शेंगा निवडत होती. तिनं खोकं बघितलं, आम्हाला बघितलं आणि पाणी आणलं.

दाजींनी पिशवीतून खजुराची दोन पाकिटं काढून तिच्यापुढे ठेवली. "कानातलं न्हाई झालं," ते म्हणाले. "कर लई बसला." चढ्या बिलाचं त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी सांगितलं. सगळं, माझ्या वाक्यासकट. ती चिडेल, मला चार शिव्या घालेल, मग मला जरा हलकं वाटेल अशी माझी अपेक्षा होती.

आक्कानं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मला या वयात काय करायचंय सोनं," ती म्हणाली. "माझी पोर दोन वर्सं ताट झाकून बसती. त्या टीव्हीपायी का व्हईना, ह्यांच्या पोटात त्या घरचा घास जाऊ दे. मंग सोनं पावलं मला."

चार दिवसांची सगळी दमणूक मला तिथे ओट्यावर जाणवली.

खोडद

पंधरा दिवसांनी खोडदला गेलो. नारायणगाव सोडलं की थोड्या वेळात शेतांच्या पलीकडे तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या जाळीच्या ताटल्या दिसायला लागतात, आभाळाकडे तोंड केलेल्या. सोपानराव, आमचे व्याही, तीस वर्षं तिथे नोकरीला होते. तारा, यंत्रं, जोडण्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आता निवृत्त झालेत, पण तिथले लोक त्यांना मानतात. वास्तुशांतीला मांडवात पुढच्या दोन रांगा दुर्बिणीवरच्या मंडळींनीच भरल्या होत्या.

अर्चनाने दारातच मला गाठलं. "मामा, अण्णा आज जेवतील ना?" वडलांबद्दल तिने एवढंच विचारलं. टीव्हीबद्दल नाही, दुबईबद्दल नाही.

"बघू," मी म्हणालो. ती आत गेली.

खोकं ओसरीवर ठेवलं होतं. वर प्लास्टिकच्या पाकिटात बिल, आकडा बाहेर दिसेल असं. दाजी नवा सदरा घालून त्याच्यापासून दोन हातांवर उभे होते, पहारा असल्यासारखे. पूजा झाली. पुकारा सुरू व्हायच्या आधी सोपानराव आले, खिशातून चष्मा काढला, खोक्यावरचा नंबर वाचला. मग बिल वाचलं. पुन्हा नंबर वाचला. आणि पाकिटासकट बिल काढून स्वतःच्या खिशात घातलं.

दाजी तेव्हा वळून नातवाला उचलून घेत होते, त्यांना हे दिसलं नाही, मला दिसलं.

धाकट्या भावाने माइक घेतला. साड्या झाल्या, भांडी झाली, भिंतीवरचं घड्याळ झालं. मग सोपानराव त्याच्या कानाशी काहीतरी बोलले आणि तो म्हणाला, "पेठकर पावण्यांकडून टीव्ही एक, त्रेचाळीस इंची." आणि पुढच्या आहेराकडे वळला.

"बिल हाय!" दाजी ओरडले.

भाऊ गोंधळून सोपानरावांकडे बघायला लागला.

"बिल हाय त्याचं! बिल वाचा!" दाजींचा आवाज फुटला होता. बासष्ट वर्षांच्या माणसाचा आवाज मांडवात असा फुटलेला ऐकणं फार वाईट. स्वयंपाकघराच्या दारात अर्चना हातातलं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली.

सोपानराव ओसरीवरून उतरले. दाजींचा दंड धरला आणि त्यांना घराच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले. मी लंगडत मागे गेलो.

"सोडा मला," दाजी म्हणाले. "दोन वर्सापूर्वी बिल न्हाई म्हनून हसलात. आज बिल हाय तर वाचत न्हाई. आमी करायचं तरी काय?"

"पावणं, ऐका," सोपानराव म्हणाले. "पुढं दोन रांगा बसल्यात त्या सगळ्या माझ्या दुर्बिणीवरच्या. इजेच्या वस्तू हेच त्यांचं काम. हा नंबर ऐकला की त्यांना किंमत तोंडपाठ. बिल वाचलं असतं ना, तर आख्खा मांडव हसला असता. एकदा तुमच्यावर हसायला मी लावलं. दुसऱ्यांदा नाय लावनार."

दाजींचा चेहरा उतरला. पण त्यांनी हार मानली नाही. खिशातून कराची पावती काढली. "हे बघा. सरकारनं शिक्का मारलाय. ह्याच आकड्यावं कर भरलाय मी. खरा."

सोपानरावांनी पावती घेतली. हा माणूस तीस वर्षं यंत्रांवरचे आकडे वाचत आलेला, त्याला ती समजायला वेळ लागला नाही. त्यांनी कराची रक्कम पाहिली, तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"एवढे?" ते म्हणाले. "खोटा आकडा हाय म्हनून सांगितलं असतं तर निम्मे वाचले असते तुमचे."

"सांगवलं न्हाई," दाजी म्हणाले.

मांडवात पुकारा पुन्हा सुरू झाला होता. सोपानरावांनी पावती घडी घालून दाजींच्या खिशात परत ठेवली आणि हात तिथेच, दाजींच्या छातीवर, राहू दिला.

"मी त्या दिवशी हसलो नसतो," ते म्हणाले, "तर ह्यातला एक पैसा तुमाला भरावा लागला नसता. चुकलं माझं, व्याही. कवाच म्हनायला पायजे व्हतं. चला. तुमी जेवल्याबिगर मी बी जेवत नाय. वास्तूच्या दिवशी घरधन्याला उपाशी ठिवू नका."

दाजींनी टाकीच्या तोटीखाली हात धुतले, टोपी सारखी केली आणि सोपानरावांच्या मागे गेले.

पंगतीत दोघे शेजारी बसले, मी समोर. बुंदी आली, पुऱ्या आल्या, भात आला. आमटीचं पातेलं घेऊन अर्चना स्वतः आली. तिने बापाच्या भातावर आमटी घातली. आमच्याकडे जेवणारा हात आडवा धरून "बास" म्हणतो, तेव्हा वाढणारा थांबतो. दाजींनी हात आडवा धरला नाही. ते पोरीच्या तोंडाकडे बघत राहिले. अर्चना वाढतच राहिली. आमटी भातावरून पत्रावळीत पसरली, पत्रावळीच्या काठावरून खाली नव्या फरशीवर आली, दाजींच्या धोतरापर्यंत पोचली. सोपानरावांनी ते बघितलं. तिला थांब म्हणून कुणीच सांगितलं नाही, आणि दाजींनी वाकून पहिला घास घेतला.